एक दिवस अलीकडे

'रोमिओ आणि ज्युलिएट'चा विषय निघाला की उतावळेपणाचं खापर पोरांच्या डोक्यावर फुटतं. रविवारी रात्री मेजवानीत नजरानजर, सोमवारी दुपारी गुपचूप लग्न, गुरुवारी रात्री थडग्यात दोघांची प्रेतं. शेक्सपिअरने ज्या काव्यावरून हे नाटक रचलं, त्या आर्थर ब्रूकच्या १५६२च्या दीर्घकाव्यात हीच कहाणी कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती पाच दिवसांत कोंबली आणि सोळाच्या ज्युलिएटचं वय चौदाच्याही खाली आणलं.

पण माझं वय आता बापांच्या बाजूला सरकलंय म्हणून असेल, हल्ली नाटक वाचताना माझी नजर ज्युलिएटच्या वडिलांवर, कॅप्युलेटवर, खिळून राहते.

पहिल्या अंकात हा गृहस्थ किती समजूतदार! पॅरिस मागणी घालतो, तेव्हा म्हणतो, पोर लहान आहे, अजून दोन वर्षं जाऊ देत. शिवाय तिचं मन वळलं तरच. सोमवारी भरदुपारी भाचा टिबॉल्ट मारला जातो आणि त्याच रात्री हाच माणूस मुलीला न विचारता लग्न ठरवून टाकतो. आधी बुधवार म्हणतो, मग आज सोमवारच आहे हे लक्षात येऊन गुरुवार. दोन वर्षांचे तीन दिवस झाले. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' म्हणतात. इथे नवरा बिचारा ताटकळतोय आणि बाशिंग सासऱ्याने बांधलंय.

ज्युलिएट नकार देते तेव्हा तो तिला रस्त्यावर हाकलून द्यायची धमकी देतो. तो प्रवेश सगळ्यांच्या लक्षात राहतो, आणि राहावा असाच आहे. मात्र घात त्या संतापाने झालेला नाही. घात झाला तो मंगळवारी संध्याकाळी, कॅप्युलेट खुशीत असताना. ज्युलिएट पाद्री लॉरेन्सकडून परत येते, बापाच्या पाया पडते, चुकले म्हणते. म्हातारा विरघळतो आणि त्या भरात लग्न एक दिवस अलीकडे आणतो: उद्याच, बुधवारी! बायको सांगते, गुरुवारपर्यंत थांबा, घरात सामान नाही. हा ऐकत नाही. रागात घेतलेला निर्णय निदान सकाळी पुन्हा तपासला जातो. आनंदात घेतलेल्या निर्णयाकडे संशयाने बघायचं कुणाला सुचतं?

लॉरेन्सचा सगळा हिशोब गुरुवारवर बेतलेला होता. औषध बुधवारी रात्री घ्यायचं, त्यानंतर बेचाळीस तास मेल्यासारखी झोप, तोवर व्हेरोनातून हद्दपार होऊन मांटुआत गेलेल्या रोमिओला चिठ्ठी. आता औषध मंगळवारीच घ्यावं लागतं आणि चिठ्ठीच्या वाट्याचा एक दिवस जातो. चिठ्ठी नेणारा पाद्री तर प्लेगच्या संशयाने व्हेरोनातच एका घरात कोंडला जातो. तो सुटून परत आला, तेव्हा ज्युलिएट जागी व्हायला जेमतेम तीन तास उरलेले. आणखी एक दिवस हाताशी असता तर दुसरा माणूस धाडता आला असता. कदाचित. प्लेगला कुणाचा इलाज नव्हता, हे कॅप्युलेटच्या बाजूने मान्य करायला हवं.

लॉरेन्सला मात्र मी एवढी सूट देणार नाही. रोमिओला सबुरीचा उपदेश करणारा तोच, आणि दोन घराण्यांचं वैर मिटेल या आशेवर त्याच दिवशी चोरून लग्न लावणाराही तोच. हेतू चांगला होता, म्हणूनच तर त्याला आपली घाई दिसली नाही.

मंगळवारची ती रात्र मला नाटकातली सगळ्यात भीषण वाटते. वर खोलीत ज्युलिएट एकटी, हातात कुपी. खाली कॅप्युलेट झोप मोडून घरकामाला लागलेला. आजच्या दिवस मी गृहिणी, म्हणतो. मसाले काढायला किल्ल्या दिल्या जातात, पेस्ट्रीवाले खजूर मागतात, सुक्या लाकडांवरून नोकराची थट्टा होते. टिबॉल्ट गेल्यापासून पहिल्यांदाच घरात आनंद आहे.

सकाळी पॅरिस वाजंत्री घेऊन येतो. वर रडारड सुरू होते, लग्नाचा स्वयंपाक मयताच्या कामी लावायचं ठरतं. वाजंत्री वाद्यं आवरू लागतात. मग नोकराशी थोडी बाचाबाची, पाणचट विनोद होतात, आणि त्यांच्यातला एकजण म्हणतो, थांबूया जरा, जेवूनच जाऊ.