चपला राखणारा मुलगा

मेहकरहून लोणारकडे जाताना वाटेत सुलतानपूर हे गाव लागते. सोयाबीनची मळणी उरकली होती, हवेत थंडीची चाहूल होती, अशा एका सायंकाळी काही निमित्ताने आमचे तेथे थांबणे झाले. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर दहा-बारा मुले अनवाणी फुटबॉल खेळत होती. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे, एवढेच काय ते गोल. कडेला चपलांचा ढीग होता आणि त्या ढिगापाशी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसला होता. ‘तू का रे खेळत नाहीस?’ असे आम्ही विचारले. त्याने सहजपणे उत्तर दिले, ‘मले खेयता येत नाही. मी चपला राखतो.’

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. नेमके तेच आमच्या मनाला लागले. खेळता येत नाही म्हणून खेळायला मिळत नाही, आणि खेळायला मिळत नाही म्हणून खेळता येत नाही, या फेऱ्यात तो सापडला होता. ती आपली जागाच आहे, असे त्याने मानूनही टाकले होते. मुली तर त्या मैदानाच्या कडेलाही नव्हत्या.

त्या रात्री आम्हांला दुसरा एक मुलगा आठवला. आमची पौरोहित्यदीक्षा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली असतील. धर्मग्रामातील मुलांचा फुटबॉल संघ आम्ही तयार केला होता आणि त्याचे प्रशिक्षकही आम्हीच होतो. त्या संघात एक किरकोळ अंगाचा, धावताना धापा टाकणारा मुलगा होता. सरावाला सर्वांच्या आधी येई, चुन्याच्या रेघा आखी, चेंडूत हवा भरी. अंतिम सामन्याच्या दिवशी त्याची आई अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून सामना पाहावयास आली होती. मध्यंतरानंतर आमचा संघ दोन गोलांनी पुढे होता. शेवटची दहा मिनिटे उरली. मुलगा बाकावरून दोनदा उठून उभा राहिला. आम्ही ते पाहिले, आणि न पाहिल्यासारखे केले.

आम्ही जिंकलो. सायंकाळी तो आपली जर्सी घडी करून घेऊन आला आणि म्हणाला, ‘फादर, ही धुवायची गरज नाही. मळलेली नाही.’ त्यानंतर तो मैदानावर आला नाही. रविवारच्या मिस्सेला मात्र नेमाने येत राहिला, आणि कम्युनियनसाठी आमच्यासमोर उभा राहिला की आमचीच नजर खाली जाई.

तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. दुबळ्या मुलाला बाकावर बसवून मिळविलेला विजय न्याय्य असतो काय?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या मुलांनी महिनोन् महिने घाम गाळला, त्यांच्या श्रमाची काही किंमत आहे की नाही? स्पर्धा म्हटली की निवड आली. संत पौलानेही धावण्याच्या शर्यतीचा दृष्टान्त देताना सर्व धावतात, पण बक्षीस एकालाच मिळते, हे सांगितलेच आहे. शिवाय, केवळ दयेपोटी मैदानात उतरविलेल्या मुलाला ती दया कळल्यावाचून राहत नाही. चेंडू त्याच्याकडे कोणी देत नाही, आणि बाकावर झाकला गेलेला त्याचा उणेपणा सर्वांसमोर उघडा पडतो. तेव्हा सर्वांना सारखी मिनिटे वाटून दिली म्हणजे न्याय झाला, असे आम्ही म्हणणार नाही.

मग न्याय कशात आहे? आमच्या मते प्रशिक्षकाने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : संघ मुलांसाठी आहे, की मुले संघासाठी? व्यावसायिक संघाचे उत्तर वेगळे असू शकेल. तेथे खेळाडू वेतन घेतो आणि आपली कला विकतो. बालकांच्या संघाचे उत्तर एकच असू शकते. येथे चषक हे साधन आहे आणि मूल हे साध्य आहे. हा क्रम उलटला की आपण मुलाला चुना आखण्यापुरते आणि हवा भरण्यापुरते वापरतो. माणसाचा साधनासारखा वापर करणे हे पाप आहे, मग तो माणूस दहा वर्षांचा का असेना.

याचे उत्तम उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेले श्री. विजय बारसे यांना २००१ साली झोपडपट्टीतील काही मुले भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. त्यातूनच पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली, आणि २०२२ साली आलेल्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे ती कथा घरोघरी पोहोचली. त्या कथेत आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी चेंडू आला, कौशल्य मागाहून आले. कौशल्य दाखवा, मग चेंडू देतो, अशी अट बारसे सरांनी घातली असती, तर ती मुले बादलीलाच लाथा मारीत राहिली असती.

याच संस्थेचे खेळाडू ज्या बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताकडून उतरत आले, ती स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरी सुरू झाली. तिचा एक नियम विचार करण्याजोगा आहे. कोणत्याही खेळाडूला आयुष्यात एकदाच तीत भाग घेता येतो. कितीही निष्णात असला, तरी दुसऱ्या वर्षी त्याने जागा सोडायची, कारण मागे कोणीतरी वाट पाहत उभा असतो. खुद्द फुटबॉलचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानेही २०१७ पासून अशी मुभा दिली आहे की, राष्ट्रीय संघटनेची संमती असल्यास लहान मुलांच्या सामन्यात बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. म्हणजे कुशल मुलाला थोडा वेळ विसावा देऊन दुबळ्याला उतरविण्याची वाट खेळानेच मोकळी करून ठेवली आहे. वाट असते, चालण्याची इच्छा हवी.

येथे संत जॉन बॉस्को यांचे स्मरण होते. ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरीन येथील संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चर्चमध्ये बार्थोलोम्यू गारेल्ली नावाच्या एका अनाथ मुलाला मिस्सेची सेवा करता येत नाही, म्हणून तेथील सेवकाने मारून पिटाळले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलाविले. वाचता येते का, लिहिता येते का, गाता येते का, असे एकेक विचारीत गेले. प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असेच आले. अखेर त्यांनी विचारले, शीळ तरी घालता येते का? मुलगा हसला. त्या हसण्यापासून त्यांच्या महान कार्याचा आरंभ झाला. सेवकाने मुलाला काय येत नाही ते पाहिले. डॉन बॉस्को त्याला काय येते ते शोधीत राहिले. आमच्या मते प्रशिक्षकाचे सारे शास्त्र या दोन दृष्टींतील अंतरात सामावलेले आहे.

म्हणून आम्हांला वाटते की, बालसंघाच्या प्रशिक्षकाने आरंभीच जाहीर करावे की, जो सरावाला येईल त्याला खेळावयास मिळेल. दुबळ्या मुलाला अधिक शिकवावे, म्हणजे मैदानात उतरेल तेव्हा तो दयेचा नव्हे, तर तयारीचा खेळाडू असेल. एखाद्या सामन्यात त्याला बसवावे लागले, तर त्याचे कारण त्याला जवळ घेऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगावे. कुशल मुले कुरकुरतील. द्राक्षमळ्यातील पहिले मजूरही कुरकुरले होते. मात्र त्या दृष्टान्तातील शेवटचे मजूर आळशी नव्हते. त्यांना दिवसभर कोणी कामाला लावलेच नव्हते, ही गोष्ट आपण वाचताना बहुधा विसरतो.

वाचकहो, हा प्रश्न केवळ मैदानाचा नाही. नाताळच्या नाटकात दरवर्षी त्याच मुलाला मुख्य भूमिका मिळते. गायकवृंदात बेसूर मुलीला ओठ हलवीत उभे राहण्यास सांगितले जाते. घरी दोन भावंडांत अधिक गुण मिळविणाऱ्याचे नाव पाहुण्यांना आधी सांगितले जाते. बाक सर्वत्र आहे, आणि त्यावर कोणाला बसवायचे हे बहुधा आपणच ठरवीत असतो.

तो चषक अद्याप त्या धर्मग्रामाच्या कार्यालयात काचेच्या कपाटात आहे. तेथे जाणे झाले की आम्ही त्याच्याकडे पाहतो. दहा मिनिटे होती, दोन गोलांची आघाडी होती, हरण्याचे भयही नव्हते. तरीही आम्ही त्याला उतरविले नाही, कारण त्या क्षणी तो आमच्या हिशेबातच नव्हता. पापनिवेदनात आम्ही हे केव्हाच सांगितले आहे आणि प्रभूने क्षमाही केली आहे. त्या मुलाला मात्र आम्ही कधी काही बोललो नाही.

सुलतानपूरहून निघण्यापूर्वी आम्ही त्या लहानग्याला म्हटले, ‘बाळा, थोडा वेळ चपला आम्ही राखतो. तू जा.’ तो क्षणभर घुटमळला, मग पळाला. चेंडू त्याच्याकडे एकदाच आला आणि तो त्याने भलतीकडेच मारला. मुले ओरडली, पण त्याला बाहेर कोणी काढले नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही त्या ढिगापाशी उभे होतो.