आणखी एक प्रश्न

लखनौमधल्या जानकीपुरमचा पिन कोड २२६०२१. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पिन पद्धत देशात सुरू झाली. ती आखली संचार मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पहिला २ उत्तर प्रदेश-उत्तराखंडचा, पहिले तीन अंक मिळून लखनौचे, शेवटचे तीन वाटपाच्या टपाल कार्यालयाचे. पत्र घरी पोचलं की या संख्येचं काम संपतं.

पण तिच्याकडे निव्वळ संख्या म्हणून पाहावं. ती मूळ संख्या नाही; २३, ३१ आणि ३१७ या तीन मूळ संख्यांचा तो गुणाकार आहे. तिच्या अंकांची बेरीज १३. या बेरजेनं तिला निःशेष भाग गेला असता, तर ती हर्षद संख्या ठरली असती. बाकी ३ उरते, म्हणून तो मानही हुकतो.

‘हर्षद’ हे नाव देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिलेलं. त्यांनी आणखीही एक प्रश्न विचारला होता : ही संख्या आली कुठून? कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली, की नवी संख्या जन्मते. जिला असा जनकच नाही, ती स्वयंभू, म्हणजेच देवळाली संख्या.

आता हा प्रश्न आपल्या संख्येला विचारू. २२६०१० च्या अंकांची बेरीज ११. ती मिळवली की २२६०२१. आणि २२६०१० हा लखनौच्याच गोमतीनगरचा पिन! शोध इथंच थांबत नाही. २२५९९२ च्या अंकांची बेरीज २९. ती मिळवली तरी पुन्हा २२६०२१. एकाहून अधिक जनक असलेल्या संख्येला कापरेकर जंक्शन संख्या म्हणत. अशी सर्वांत लहान संख्या १०१. ती ९१ पासूनही येते आणि १०० पासूनही.

मूळ नाही, हर्षद नाही, स्वयंभूही नाही. एवढ्यावर वही मिटली असती, तर २२६०२१ सामान्यांत जमा झाली असती. तिच्यात काही कमी नव्हतं. आपले प्रश्न कमी पडले असते.

खुद्द कापरेकरांच्या वाट्याला हेच आलं. पदव्युत्तर पदवी नाही, हुद्दा शाळाशिक्षकाचा. म्हणून कित्येक गणितींनी त्यांचं काम मनावर घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीच्या या मास्तरांचं नाव जगभर पोचलं. गणित तेच होतं, माणूसही तोच होता.

शिक्षक म्हणून, पालक म्हणून, वरिष्ठ म्हणून आपण रोज कुणाला तरी दोन-तीन कसोट्यांवर पारखतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. आज तो निकाल देण्याआधी आणखी एक प्रश्न विचारू या, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरू या.