भद्रा मारुतीच्या वाटेवर

यंदाच्या श्रावणात शहरातल्या एका सभेत एका विद्वान वक्त्यांनी तरुण मुलांना फैलावर घेतले. खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेली ही पोरे देवाला जातच नाहीत, नुसती हिंडायला जातात, असे त्यांचे म्हणणे. रात्रभर गाणी, खिदळणे, वाटेत भुट्टे, देवगिरीच्या पायथ्याशी फोटो. दर्शन उरकले की म्हैसमाळच्या धुक्यात पुन्हा फोटो. यात भक्ती कुठे राहिली, असे त्यांनी विचारले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला तो प्रश्न मान्य नाही, आणि टाळ्या तर मुळीच नाहीत.

श्रावणातल्या शुक्रवारी जेवणखाण आटोपले की छत्रपती संभाजीनगरच्या गल्लीगल्लीतून टोळकी बाहेर पडतात. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, मग घाट, आणि शनिवारच्या पहाटे खुलताबाद. साधारण पंचवीस किलोमीटरची चाल, त्यात कधी भुरभुर तर कधी धो-धो. जागोजागी मंडळांची पोरे चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन उभी असतात. नवस बोलून अनवाणी निघालेली बाई आणि मित्रांनी ओढून आणलेला कॉलेजचा पोरगा एकाच घाटात, एकाच चिखलात चालतात. घाटात त्या पोराचे पाय भरून येतात, मित्र त्याची पिशवी घेतो, आणि तिथून पुढे तोही सगळ्यांबरोबर ‘बजरंगबली की जय’ म्हणू लागतो. त्याची भक्ती कुठल्या किलोमीटरला सुरू झाली हे वक्त्यांनी मला दाखवून द्यावे. मैत्रीच्या ओढीने निघालेला माणूस देवाजवळ पोहोचतो, हे मी या रस्त्यावर पाहत आलो आहे.

यावर वक्ते संतांचा दाखला देतील. तर संतांकडेच जाऊ, आणि तेही लांब नको. याच रस्त्यावरच्या देवगिरी किल्ल्यावर पैठणचे एकनाथ जनार्दनस्वामींकडे शिकले. जनार्दनस्वामी मठात बसलेले बैरागी नव्हते. निजामशाहीत या किल्ल्याचा कारभार त्यांच्या हाती होता. हिशेब, पहारे, फौजफाटा सांभाळून जे उरे ते दत्ताचे. आजही किल्ला पाहायला गेलेली सहल त्यांच्या स्थानाशी टेकते आणि हात जोडते. त्यांचे गुरू चांद बोधले सूफी परंपरेतले होते, हे रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या ग्रंथात मांडले आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमदही बोधल्यांनाच गुरू मानत. या डोंगराळ मुलखात धर्म असा कारभारात, मैत्रीत, येण्याजाण्यात मिसळूनच वाढला.

एकनाथांनी पुढे काय केले? ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, भागवतावर टीका लिहिली. त्यांच्या पांडित्याबद्दल कुणाला शंका नव्हती. एवढ्या अधिकाराच्या माणसाने भारुडे लिहिली. वासुदेव, जोशी, गोंधळी, कोल्हाटीण ही सगळी जत्रेतली, रस्त्यावरची माणसे. त्यांचा पेहराव, त्यांची बोली, त्यांची चेष्टामस्करी नाथांनी जशीच्या तशी घेतली. लोक हसायला, बघायला थांबतात हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि त्या हसण्याला त्यांनी वाया गेलेला वेळ मानले नाही. हिंदू आणि तुर्क एकमेकांची उणीदुणी काढतात आणि अखेर समेट करतात, असा संवादही त्यांनी रचला. मौजेत गुंतलेल्या माणसाला जवळ ओढणारा नाथांइतका मोठा माणूस आमच्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही. ‘आधी गंभीर व्हा, मग या’ अशी अट त्यांनी घातली असती, तर आज गावोगावच्या सप्ताहात भारूड उभे राहिलेच नसते.

इथपर्यंत माझा पक्ष मला भक्कम वाटत होता. पण इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख पुन्हा वाचला आणि थबकलो. पंढरीच्या वाटेवर इरावतीबाई दिंडीबरोबर चालल्या. चालण्याच्या आनंदाने त्या भारल्या होत्या. तरीही त्यांच्या नजरेतून सुटले नाही, की दिवसभर एकत्र गाणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी स्वयंपाकाला आणि जेवायला वेगळी होतात. त्याचे त्यांना दुःख झाले. बाईंची ही हरकत वक्त्यांच्या हरकतीपेक्षा फार खोल जाते. सोबत चालण्याने सगळे साधते असे मी धरून चाललो होतो. मुक्कामाला पंगती वेगळ्या पडणार असतील तर त्या सोबतीची पोच किती? परंपरा सांगते, नाथ राण्या महाराच्या घरी जेवले. रस्ता जिथे संपतो, तिथून पुढची पावलेही त्यांनी टाकली.

आमच्या रस्त्याला बाईंची ही कसोटी लावून पाहिली. खुलताबादेत निद्रिस्त भद्रा मारुतीचे देऊळ आहे, आणि त्याच छोट्या गावात जर जरी जर बक्ष, बुऱ्हानुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे आहेत. उरुसात शहर तिकडे लोटते, श्रावणात इकडे. बेगमपुऱ्यातला माझा एक जुना मित्र वर्षानुवर्षे आमच्या टोळीत असायचा. खुलताबादेत आम्ही मारुतीकडे वळायचो, तो दर्ग्याकडे, आणि मग स्टँडजवळ एकत्र चहा. जैनुद्दीन यांच्याच दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. २०२५च्या मार्चमध्ये तिच्यावरून वाद पेटला, नागपुरात दंगल झाली, खुलताबादेत पोलीस बंदोबस्त बसला. त्या श्रावणात मित्र म्हणाला, ‘या वर्षी तुम्ही जाऊन या, भाई. लोक बघत्यात.’ एवढेच बोलला. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाचे भांडण आमच्या चहापर्यंत येऊन पोहोचले होते.

म्हणून वक्त्यांशी माझे भांडण आता बदलले आहे. या वाटेवर काहीतरी कमी होत चालले आहे, हे त्यांना जाणवले, ते खरेच आहे. पण ते त्याचा शोध पोरांच्या हसण्यात घेतात. मला ते टोळीत कोण उरले, यात दिसते. पूर्वी टोळी एका वर्गातली, एका कारखान्यातली, एका चाळीतली असे; वाळूजच्या कंपनीत एका पाळीला असलेले सगळे निघत. आता बऱ्याच टोळ्यांत एकाच जातीची, एकाच धर्माची माणसे दिसतात. त्यावर एकाही व्याख्यानात कुणी संतापलेले मी ऐकले नाही. गाणाऱ्या पोरांना बोल लावणे सोपे असते. आपल्या टोळीतून कोण गळाले हे विचारताना स्वतःच्या घराकडे, स्वतःच्या शेजाराकडे पाहावे लागते.

मित्राला मी पुढच्या श्रावणाचे आत्ताच सांगून ठेवले आहे. वाटेतली खिचडी आमच्याकडची. श्रावण संपला की नान-खलिया त्याच्या घरी, एका दस्तरखानावर. तो अजून हो म्हणालेला नाही. दिवाळीचा फराळ घेऊन जाईन तेव्हा पुन्हा विचारणार आहे.