शंकासमाधान : संमती, आशीर्वाद आणि बिनमिठाची कणीक

शंका : माझं वय २४. बी.कॉम. झालोय. तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे आणि मी एकुलता एक. सातवीपासून पखवाज वाजवतो, गावच्या सप्ताहात कीर्तनाला साथ करतो. आळंदीला दोन वर्षं राहून नीट शिकावं असं मनात आहे. विषय काढला की वडील म्हणतात, “मृदंग बडवून पोट भरतं का?” आई काहीच बोलत नाही. सकाळी पोळ्यांची कणीक मळायच्या आधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला बिनमिठाचा गोळा तेवढा वेगळा मळून ठेवते. पुण्यात नोकरी लागली असं सांगून आळंदी गाठ, खरं काय ते मागाहून सांग, असं मित्र सुचवतो. आईवडिलांच्या मनाविरुद्ध गेलो तर पाप लागेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

समाधान : खोटं सांगून आळंदीला जाऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आधी.

तुम्ही निघालात त्या आळंदीचीच कथा पाहा. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत काशीला गेले आणि घरी पत्नी आहे हे गुरूंपासून लपवून त्यांनी संन्यास घेतला. खरं कळल्यावर गुरूंनी त्यांना परत पाठवलं. विठ्ठलपंत पुन्हा संसाराला लागले, पण गावाने वाळीत टाकलं आणि ‘संन्याशाची पोरं’ हा शिक्का चार लेकरांच्या कपाळी बसला. गावाचा तो निवाडा क्रूरच होता, त्याचं समर्थन करता येणार नाही. तरीही, वैराग्य खरं असलं तरी लपवाछपवीवर उभं केलं की त्याचा भार घरच्यांनाच वाहावा लागतो, एवढं त्यातून घ्यावं.

आता पापाबद्दल. आईला आणि वडिलांना देव मान, असं सांगणारा तैत्तिरीय उपनिषदातला उपदेश आपल्याला पाठ असतो. त्याच उपदेशात आचार्य शिष्याला असंही सांगतात की आमचं जे आचरण चांगलं असेल तेवढंच उचल, बाकीचं नको. म्हणजे आदर पूर्ण ठेवायचा आणि विवेकही जागा ठेवायचा. शास्त्राने माणसावर देवऋण आणि पितृऋणाबरोबर ऋषिऋणही सांगितलं आहे, आणि ते अध्ययनाने फिटतं. पखवाज शिकणं हेही अध्ययनच. तेव्हा शिकायला गेल्याने पाप लागत नाही. मात्र म्हातारपणी त्यांच्याकडे पाठ फिरवलीत, तर मी वेगळं उत्तर देईन.

राहिला प्रश्न संमतीचा. कठोपनिषदातला नचिकेता वडिलांच्या यज्ञात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान दिल्या जाताना पाहतो आणि विचारतो, मला कुणाला देणार? तिसऱ्यांदा विचारल्यावर वडील चिडून म्हणतात, मृत्यूला. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी काढल्यावर त्याला तीन वर मिळतात. मृत्यूनंतर काय, ही त्याची खरी जिज्ञासा, पण ती तो तिसऱ्या वरात मागतो. पहिला वर असा, की वडिलांचा राग शांत व्हावा आणि मी परत गेलो की त्यांनी मला पूर्वीसारखं जवळ घ्यावं. वडिलांना टोकणारा मुलगा हाच, आणि पहिली काळजी त्यांच्या मनाची करणाराही हाच. तुम्हीही हाच क्रम धरा.

वडिलांनी विचारलंय, पोट भरतं का. टोमणा म्हणून ते सोडून देऊ नका. तो प्रश्न आहे, आणि दुकानदाराने विचारलेला आहे. त्याला हिशेबानेच उत्तर द्या. खोलीभाडं, जेवण, शिकवणीचा खर्च, सप्ताहांत साथीची मिळणारी बिदागी आणि दोन वर्षांनी काय करणार, हे सगळं वहीच्या एका पानावर मांडा. हिशेब तोट्यात येत असेल तर तसंच दाखवा. दिवाळीच्या गर्दीत दुकानात उभा राहीन हा शब्दही त्याच पानावर लिहा आणि पाळा. वारकऱ्याला घरदार सोडावं लागत नाही. आषाढीला पंढरपूर गाठून तो पुन्हा आपल्या शेतात, दुकानात परततो.

एवढं करूनही वडील ‘जा’ म्हणणार नाहीत, असं होऊ शकतं. तुम्ही सज्ञान आहात. निघण्याची तारीख सांगा, पाया पडा आणि निघा. राग आला तर तो ऐकून घ्या, उलट बोलू नका. आणि आईची संमती तर तुम्हाला रोज सकाळी मिळते आहे. मीठ घालायचं नाही, हे तिने कुणाच्या सांगण्यावरून लक्षात ठेवलेलं नाही.

शंका : माझ्या मुलाने निवडलेली वाट मला पटत नाही. तो आशीर्वाद मागतो. मनात नसताना दिलेला आशीर्वाद खोटा ठरतो का?
— एक वडील, नाशिक

समाधान : संमती कामाला असते, आशीर्वाद माणसाला असतो. दोन्ही एकाच शब्दात देण्याची सवय आपल्याला लागली आहे, म्हणून हा घोटाळा होतो. “मला हे पटलेलं नाही, पण तुझं भलं व्हावं,” या वाक्यात खोटं काही नाही. उलट मनात नाराजी ठेवून वरवर ‘जा बाबा’ म्हणणं खोटं ठरेल. मूल अपयश घेऊन परत आलं तर “मी सांगितलंच होतं” हे तीन शब्द मात्र गिळता आले पाहिजेत. तेवढी तयारी असेल, तर आशीर्वाद आजच द्या. मत बदलायचं की नाही, ते पुढे बघता येईल.