पेडल दगड झालं तर

लातूर फाटा, नांदेड



काल तू फोनवर म्हणालास, ‘ब्रेक लागतोय मामा, पण पेडलवर उभं राहावं लागतंय.’ तुझ्या मिस्त्रीने बोनेट न उघडताच बूस्टर बदलायला सांगितलाय आणि तू शनिवारी तशाच गाडीने चाकूर, अहमदपूर, लोहा करत इकडे निघणार आहेस. निघू नकोस. उसाचे दिवस आहेत. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात, मागे लाल दिवा नसताना चालतात. असला ट्रॅक्टर समोर आला तर पेडलवर उभं राहायला वेळ मिळत नाही.

आधी एक समजून घे. पेडल स्पंजासारखं लागलं तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरलेली असते. दाबून धरलं की हळूहळू खाली जात असेल, तर बहुधा मास्टर सिलेंडर. तुझं पेडल दगड झालंय, म्हणजे तेलाच्या आधी बूस्टरच्या बाजूला बघायचं. बूस्टर म्हणजे तो काळा, थाळीसारखा डबा; तो स्वतः काही जोर करत नाही. त्याच्या आत रबरी पडदा असतो. एका बाजूची हवा ओढून घेतलेली असते, आणि तू पाय ठेवलास की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते. ती हवाच पडदा ढकलते. नऊ इंची पडद्याचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटीमीटर धर; व्हॅक्यूम चांगला असेल तर अडीचशे किलोच्या आसपास जोर होतो. तो गेला, की उरतो फक्त तुझा पाय.

पेट्रोल गाडीत ही हवा इंजिनच ओढतं. तुझी डिझेल आहे, तिला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तुझ्या मॉडेलमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलाय, त्यामुळे बेल्ट तुटला तर चार्जिंग आणि ब्रेकची मदत दोन्ही एकदम जातात. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पेडल घट्ट झालं, तर तिथेच थांबायचं.

आता अंगणात, सपाट जागी, हे कर. हँडब्रेक ओढ, गाडी न्यूट्रलला ठेव. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाब, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पाय दाबून धर आणि इंजिन चालू कर. पेडल पायाखाली थोडं खचलं, तर मदत मिळतेय. तसूभरही हललं नाही, तर व्हॅक्यूम बूस्टरपर्यंत पोचत नाही किंवा बूस्टर फाटलाय. पाय दाबल्यावर डॅशबोर्डखालून सूं असा आवाज येत राहिला, तर संशय पडद्यावर. आवाज नसेल, तर बूस्टरला हात लावायच्या आधी पंपाकडून बूस्टरकडे येणारी नळी बघ.

नळीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथेच मी एका गिऱ्हाइकाचं नुकसान केलंय. त्याच्या जीपचं पेडल घट्ट होतं, नळी बाहेरून नवी दिसत होती, म्हणून मी बूस्टर बदलला. पेडल तसंच. शेवटी नळी उभी चिरली. आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबत होता. ओढ लागली की तो भोक बंद करायचा, इंजिन बंद केलं की पुन्हा मोकळा. मी त्याला बूस्टरचे पैसे परत दिले. तुझी गाडी मोंढ्याजवळ उभी असते, तिथे धान्याच्या मागे उंदीर येतात, तेव्हा कुरतडल्याच्या खुणाही बघ. नळीत काळं तेल सापडलं, तर पंपाचं तेल व्हॅक्यूमच्या वाटेने आलंय. ते बूस्टरच्या रबराला फुगवतं, म्हणून आधी पंप दुरुस्त कर, बूस्टर नंतर.

बूस्टरच्या तोंडाशी छोटा व्हॉल्व असतो. तो काढून फुंकून बघ. बूस्टरकडून फुंकलं तर हवा जायला हवी, पंपाकडून फुंकलं तर अडायला हवी. दोन्हीकडून गेली तर बदल. आणि हे सगळं नीट निघालं, तरच अडकलेला कॅलिपर, चकाकून गेलेले पॅड, गंजलेला पेडलचा खिळा यांच्याकडे वळ.

तरुणपणी मीही डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायचो. बालाघाटच्या एका उतारावर रस्त्यात बैलं आली. पहिल्यांदा पाय नेहमीसारखा गेला, दुसऱ्यांदा निम्मा, तिसऱ्यांदा पेडल दगड. बैलं आपणहून बाजूला सरली म्हणून मी हे पत्र लिहितोय. इंजिन बंद केल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. उतारावर इंजिन बंद करू नकोस, कोणीही सांगो.

रस्त्यातच पेडल घट्ट झालं तर पुन्हा पुन्हा दाबू नकोस, उरलेला व्हॅक्यूम वाया जातो. एकदाच, जीव लावून दाब आणि सोडू नकोस. गिअर एकेक करून खाली आण. हँडब्रेक हळूहळू ओढ, झटका देऊ नकोस. ब्रेक तुटलेला नसतो, फक्त जड झालेला असतो, हे त्या क्षणी लक्षात ठेव.

शनिवारी एसटीने ये. त्याआधी अंगणातली ती परीक्षा करून पेडल खचलं की नाही, आणि सूं आवाज आला की नाही, एवढं फोनवर सांग. नळी लागली तर इथूनच नवीन घेऊन ठेवतो. जुन्या नळीचा तुकडा आणि मापासाठी फोटो तेवढा पाठव. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा मामा