आजीचे स्मरण : शोक आणि स्मृती

भगवंतांच्या उपदेशाचा आरंभ शोकाच्या निषेधाने झाला आहे. ज्ञानी मनुष्य गेलेल्यांसाठी शोक करीत नाही आणि जे आहेत त्यांच्यासाठीही करीत नाही, असा दुसऱ्या अध्यायातील त्या प्रसिद्ध श्लोकाचा आशय. तो श्लोक आपण प्रवचनात ऐकतो, नित्यपाठात म्हणतो, कोणाच्या घरी समाचाराला गेलो असता त्याचा आधारही देतो. परंतु आपल्याच घरातील वृद्ध आजी निघून जाते, देवघरासमोरचा तिचा पाट रिकामा पडतो, तेव्हा तोच श्लोक कठोर वाटू लागतो. तिच्या आठवणीने डोळे भरून येणे हे अज्ञान काय? आणि ज्ञान मिळवायचे म्हणजे तिला विसरायचे काय? प्रत्येक गृहस्थापुढे केव्हा ना केव्हा हा प्रश्न उभा राहतो. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करू.

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर या वसाहतीत राहणाऱ्या एका मराठी तरुणाने हा प्रश्न मला विचारला. त्याची आजी निपाणीकडच्या एका खेड्यातली. वैधव्य आल्यावर ती मुलाबरोबर बेंगळुरूला आली आणि तेथेच तिने देह ठेवला. नातू त्या वेळी शिक्षणासाठी परदेशी होता. निरोप मिळताच तो निघाला, पण पोहोचला तो दहाव्या दिवशी. "काका," तो म्हणाला, "मी रोज गीता वाचतो आणि रोज रडतो. या दोहोंपैकी एक खोटे आहे का?"

या आजीचे आयुष्य आपल्या कोणाच्याही आजीसारखे होते. इमारतीत अंगण नव्हते, म्हणून उंबऱ्याबाहेरच्या हातभर फरशीवर ती रोज रांगोळी घाली. वृंदावन नव्हते, म्हणून गॅलरीतल्या कुंडीतील तुळशीला पाणी घालून नमस्कार करी. एकादशीला स्वतः निराहार राहून ती मुलांसाठी वेगळा स्वयंपाक रांधी. सीमाभागातली असल्याने तिला मोडके कन्नड येत असे. तेवढ्या भांडवलावर शेजारच्या बाळंतिणीला अळिवाची खीर नेऊन देण्याचा व तान्ह्याला न्हाऊ घालण्याचा अधिकार तिने मिळविला होता. स्नान झाल्यावर गीताईचा एक अध्याय वाचल्याशिवाय ती मुखात पाणी घेत नसे. मात्र वाचता वाचता पाळण्यातले मूल रडले, तर पुस्तकात तुळशीचे पान ठेवून ती उठे. कोणी म्हटले की, पाठ खंडित झाला, तर तिचे उत्तर ठरलेले असे : "पोथी थांबते रे, पोर थांबत नाही."

येथे शास्त्र जाणणारा मनुष्य एक आक्षेप घेईल. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पुत्र, पत्नी, घर इत्यादींच्या ठिकाणी अनभिष्वंग सांगितला आहे. पाठ सोडून नातवाकडे धावणारी आजी ही प्रेमळ खरी, पण ती ममतेच्या जाळ्यातच होती, असे म्हणावयाचे काय?

याचे उत्तर, ती जी गीताई वाचत असे, तिच्याच उगमाशी सापडते. योगायोग असा की, ज्या जयप्रकाश नारायणांचे नाव त्या वसाहतीला आहे, त्यांनी १९५४ साली बोधगयेच्या सर्वोदय संमेलनात आचार्य विनोबा भावे यांच्या भूदानकार्यासाठी जीवनदान जाहीर केले होते. त्या विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई या साध्या गृहिणी होत्या. त्यांच्या घरी एक गरीब विद्यार्थी आश्रयाला होता. शिळे अन्न उरले तर ते त्या स्वतः खात किंवा विनोबांना वाढीत. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजे. आपण समभाव शिकवता आणि स्वतः भेद करता, असे मुलाने थट्टेने म्हटले, तेव्हा त्यांनी सांगितले की, तो मला देवाच्या रूपात दिसतो. तुझ्याविषयी अजून पुत्र म्हणून आसक्ती आहे. ज्या दिवशी तूही तसाच दिसशील, त्या दिवशी भेद उरणार नाही.

या उत्तरात अनभिष्वंगाचे सर्व भाष्य आले आहे. अभिष्वंग म्हणजे प्रेम नव्हे. दुसऱ्याच्या सुखदुःखाला 'माझे' म्हणून चिकटणे, त्याने आपल्याजवळच राहावे असा हट्ट धरणे, हा अभिष्वंग. घरच्यांची सेवा सोडून देणे हा त्यावरचा उपाय नाही. जी सेवा आपण पोटच्या मुलाची करतो, तीच परक्याची करता येणे आणि ज्याला वाढविले त्याला वेळ येताच मोकळे करणे, हा उपाय आहे. जे. पी. नगरातील आजीची परीक्षा याच ठिकाणी झाली. ज्याला तिने अंगाखांद्यावर वाढविले, तो सातासमुद्रापलीकडे निघाला. तिने मेतकूट, लाडू बांधून दिले, हातावर दही घातले आणि परत केव्हा येशील, हे विचारले नाही. शेजारच्या तान्ह्यासाठी मात्र ती दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी गेली. हे मोहाचे लक्षण नव्हे.

आता मूळ प्रश्न. शोक आणि स्मरण यांना आपण सहसा एकच समजतो. गीता त्यांना एकमेकांच्या विरुद्ध टोकांना ठेवते. अर्जुनाच्या शोकाने पहिला अध्याय संपतो. अठराव्याच्या शेवटी तोच अर्जुन सांगतो की, मोह गेला आणि स्मृती परत आली. दुसऱ्या अध्यायात अधःपाताची जी पायरी-पायरीने मांडणी आहे, तीतही मोहापासून स्मृतीचा भ्रंश आणि त्यापासून बुद्धीचा नाश सांगितला आहे. म्हणजे विसरणे हे गीतेच्या दृष्टीने ज्ञान नसून विनाशाचा मार्ग आहे. अर्थात तेथील स्मृती ही आत्मस्वरूपाची, आप्तांच्या आठवणींची नव्हे. अनुवाद करणाऱ्याने हा भेद पुसता कामा नये. परंतु मोहाने मोठी स्मृती झाकते तशी लहानही झाकते, हा अनुभव आहे. शोकात बुडालेल्या माणसाला आजी आठवत नाही. त्याला आठवते ते आपले उशिरा पोहोचणे, आपला रिकामा हात, आपली हळहळ. शोकाच्या मध्यभागी 'मी' असतो. स्मरणाच्या मध्यभागी ती असते.

आणि खऱ्या स्मरणाला कर्माची जोड असते. आठव्या अध्यायात, सर्वकाळ माझे स्मरण कर, या आज्ञेबरोबरच भगवंतांनी युद्धाची, म्हणजे प्राप्त कर्तव्याची आज्ञा दिली आहे. विनोबांच्या चरित्रात याचे प्रत्यक्ष उदाहरण आहे. १९१५ च्या सुमारास रुक्मिणीबाईंना गीता समजून घेण्याची इच्छा झाली. संस्कृत येत नव्हते. मराठीतील उपलब्ध पद्यानुवाद अवघड वाटला. तेव्हा, तूच का करीत नाहीस, असे त्यांनी मुलाला म्हटले. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी त्या वारल्या. अंत्यविधी पुरोहितांकरवी न होता आपल्याच हातून व्हावा, हा विनोबांचा आग्रह मान्य झाला नाही, म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी वेदाध्ययनाला आरंभ केला. पुढे १२ वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी गीताई लिहावयास घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पुरी केली. आईच्या चितेजवळ नसलेल्या पुत्राने आईची इच्छा पूर्ण केली. आणि त्या ग्रंथाच्या नावातच आई आली. या स्मरणाने घरोघरीच्या आयांना व आज्यांना गीता हाती दिली.

आपल्या श्राद्धविधीचा आशयही हाच आहे. त्यात माता, पितामही, प्रपितामही यांचा नामोच्चार होतो. कितीएक घरी पुरोहिताने आजीचे नाव विचारले की नातू गोंधळतो. कारण त्याने तिला जन्मभर 'आजी' एवढेच म्हटलेले असते. शास्त्र येथे अश्रू मागत नाही. नाव माहीत असावे, गोत्र माहीत असावे, नेमलेल्या तिथीला तिळोदक द्यावे, एवढेच मागते. श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आला आहे. दहा दिवसांनी सुतक फिटावे आणि श्राद्ध मात्र दरवर्षी यावे, या व्यवस्थेतच पूर्वजांनी शोकाला मर्यादा व स्मरणाला नित्यता दिली आहे.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले ते असे. तुझे वाचणे खोटे नाही आणि रडणेही खोटे नाही. स्नेहामुळे डोळे भरतात, तो देहाचा धर्म आहे. त्याला पाप म्हणू नये. शेवटी जवळ नसलो, हे शल्य राहील; ते शब्दांनी काढता येत नाही, आणि मी तसे सांगितले तर ते असत्य होईल. परंतु रडून झाल्यावर तू काय करतोस, यावर शोक की स्मरण हे ठरते. तिने जो अध्याय रोज वाचला तो तू वाच. आणि वाचताना कोणी हाक मारली, तर तिच्यासारखा पुस्तकात पान ठेवून ऊठ.

आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी एखादी माउली होती किंवा आहे. जी आहे, तिच्याजवळ आज घटकाभर बसावे, तिचे पूर्ण नाव, माहेर, तिने केलेली व्रते विचारून लिहून ठेवावीत. जी गेली, तिचे एखादे अर्धे राहिलेले काम उचलावे. भगवंतांच्या कृपेने मोह जाऊन स्मृती लाभण्याचा जो मोठा प्रसाद अर्जुनाला मिळाला, त्याच्या वाटेवरचे हे पहिले पाऊल गृहस्थाच्या घरातूनच पडते.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥