स्नेहाचा थेंब

संस्कृतात तेल आणि माया या दोहोंना 'स्नेह' हा एकच शब्द पुरतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. परंतु ज्याला सत्य पाहावयाचे आहे त्याने कोरडे राहावे की स्निग्ध व्हावे, हा प्रश्न त्या शब्दात दडलेला आहे, हे माझ्या ध्यानी यावयास बुलढाण्यातील रक्ततपासणीच्या एका खोलीत निम्मी हयात घालवावी लागली.

सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेतून हवेत निघू पाहणारा प्रकाशकिरण सुमारे ४१ अंशांहून अधिक तिरपा असला, तर तो बाहेर पडतच नाही, आतल्या आत परततो. आणि जे किरण बाहेर पडतात तेही वाकून, पसरून, भिंगाच्या मुखाला चुकवून जातात. म्हणजे पदार्थ समोर आहे, डोळा निर्दोष आहे, उजेडही मुबलक आहे, आणि तरीही मध्ये राहिलेली केसभर हवा साक्षीतील सूक्ष्म भाग गिळून टाकते. एर्न्स्ट आबे यांनी १८७८ साली येना येथे, झाइस यांच्या कारखान्यात, यावर तोड काढली: काचेचा अपवर्तनांक जवळजवळ १.५२, तर त्याच्याशी जुळणाऱ्या १.५१५ अंकाच्या तेलाचा थेंब भिंग आणि काचपट्टी यांमध्ये ठेवावा. अंतर होते तेवढेच राहते. सीमा मात्र नाहीशी होते, आणि किरणाला आपण एका पदार्थातून दुसऱ्यात आलो याचा पत्ताच लागत नाही.

आमच्या खोलीत तीन भिंगे असत: दहापट मोठे दाखविणारे, म्हणजे दहाचे, कोरडे; चाळीसचे कोरडे; आणि शंभरचे तेलातले. पावसाळ्यात तापाच्या रोग्यांची रीघ लागली की शंभरच्या भिंगाखाली एक हिवतापाची पेशी सापडे आणि तिच्या आसपासचा सारा मुलूख दृष्टीआड होई. आसपास पाहावे म्हणून घाईने चाळीसचे फिरविले, की त्याचे मुख तेलात बुडून दिवसभर धुके दाखवी. हा अपराध माझ्या हातून कितीदा घडला, त्याची मोजदाद नाही. त्यातच ते भिंग ०.१७ मिलिमीटर जाडीच्या झाकणकाचेसाठी घडविलेले, आणि रक्ताचा लेप तर उघडा. म्हणून स्वच्छ असतानाही त्याची आकृती थोडी विरलेलीच दिसे. पुढे पन्नासचे तेलातले भिंग आले. शक्ती निम्मी, पण क्षेत्र चौपट. उघड्या लेपाची त्याला अडचण नाही, आणि तेल न पुसता त्यावरून शंभरवर जाता येते व परतताही येते.

हे भिंग मला विचारात पाडून गेले. आपली रूढ समजूत अशी की माया एकावर जडते आणि अनेकांकडे पाहावयाचे तर अलिप्तपणाच हवा; आई आपल्या लेकराला पाहते, न्यायाधीश सर्वांना पाहतो. म्हणूनच ज्ञानमार्गाने रागद्वेषांना दृष्टीचे मल ठरविले. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्या तेलाचा अंक काचेशी जुळत नाही ते किरणाला पुन्हा वाकवतेच, आणि घाईने सोडलेल्या थेंबात हवेचा बुडबुडा राहिला तर आकृती कोऱ्या हवेहूनही वाईट दिसते. आसक्ती ही अशा तेलासारखी आहे. ती दुसऱ्याचा अंक घेत नाही, आपला लादते. परंतु बेजुळत्या तेलाचा दोष तेलमात्राच्या माथी मारून कोरडेपणालाच शुद्ध दृष्टी म्हणणे, ही मला आपल्या विचारातील मोठी गफलत वाटते. काच, अभ्रक, स्फटिक यांच्या आडचे पदार्थ दिसतात ते कसे, असा पूर्वपक्ष न्यायसूत्रांत आहे, आणि त्याला उत्तर असे की जे अडवीत नाही त्यातून इंद्रियाचा पदार्थाशी संयोग होऊ शकतो. न अडविणे हा माध्यमाचा धर्म प्राचीनांनी ओळखला होता. तो धर्म स्नेहाच्या अंगी येऊ शकतो काय, एवढेच मला विचारावयाचे आहे.

येनाला तो थेंब पडला त्याच १८७८ सालच्या २३ फेब्रुवारीस, आमच्याच जिल्ह्यात शेगावी, देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुळकर्णी यांच्या दृष्टीस पडला. सालांचा हा योग केवळ योग आहे, त्याला मी अधिक वजन देत नाही. त्या वाटेने आणखी कोणी गेले असेल, तर त्यालाही तेच दिसले असणार: फाटका माणूस, उष्टे अन्न. कोरड्या डोळ्याला एवढेच पुरे झाले असते. त्या दोघांनी थांबून, ताटभर अन्न आणवून, मधली हवा काढली. आणि तो तरुण, ज्यांना आपण गजानन महाराज म्हणतो, ते तर एकेक शीत न्याहाळून उचलीत होते, आणि पत्रावळ कोणाची, हा भेद त्यांना नव्हता. एका कणाइतके जवळ आणि साऱ्या उकिरड्याइतके विस्तृत असे पाहणे एकाच वेळी संभवते, याचा याहून मोठा दाखला मला सापडलेला नाही.

तेलाची बाटली उघडली की मी अजूनही काडी तिरपी धरतो, थेंब आपल्या वजनाने उतरू देतो, आणि भिंग बाजूने पाहत खाली आणतो. तेल भिंगाला शिवते त्या क्षणी थेंबात एक लख्ख ठिणगी उमटते. मग पन्नासच्या क्षेत्रात शेकडो तांबड्या पेशी स्वच्छ पसरतात. त्यांतल्या एकीत अंगठीसारखे निळसर कडे आणि तांबडा ठिपका असतो, आणि बाहेरच्या बाकावर कुणा बाईच्या मांडीवर त्या पेशीचा धनी तापाने फणफणत असतो.